डावीकडून तिसरा

फोटो दौलतगंजातल्या माझ्या दुकानात आला
चौकट बदलायला. वाळवी एका कोपऱ्यातून शिरून
दोन बुटांपर्यंत पोचली होती.
वत्सलाबाई टेंबे म्हणाल्या, काच तेवढी जपा.
काचेवर, डावीकडून तिसऱ्या पोराच्या कपाळाशी,
गंधाचा ठिपका. रोजचा. एकावर एक सुकत
मसुरीएवढा झालेला.

नऊ कॅडेट उभे, पुढे खुर्चीत मास्तर.
पाठच्या पुठ्ठ्यावर जांभळ्या शाईत नावं,
डावीकडून. त्र्यंबक टेंबे तिसरा.
"मी पाळण्यात होते. कॅम्पहून ताप घेऊन आला,
आठव्या दिवशी गेला. एवढाच फोटो."

मला नाद आहे असल्या फोटोंचा.
रात्री भिंग घेऊन बसतो:
पायाच्या पट्ट्या घोट्यापासून गुंडाळल्यात की गुडघ्यापासून,
रायफलीचा पट्टा चामड्याचा की निवारीचा.
चामडं दुमडतं तिथे चकाकतं,
निवार उजेड पिऊन टाकते.
ही निवार. टोकांना पितळ,
पोरांनी राखेनं घासलेलं. एकाचंच काळं.
वहीत लिहिलं: निवारी पट्टा, साल नक्की नाही,
खांद्यावरची अक्षरं चमकेत बुडाली.
पुढे प्रश्नचिन्ह, कारण काहीतरी खुपत होतं
आणि काय ते सापडत नव्हतं.

सकाळी मुरारला नेला, नत्थीसिंग कुशवाहांकडे,
तीस वर्षं पलटणीच्या कोतात बंदुका मोजलेला माणूस.
त्यांनी भिंगही घेतलं नाही.
"सगळी पोरं डावखुरीच भरती केली का रे मास्तरनं?"
मग हजेरी घ्यावी तसं बोट फिरवत गेले.
रायफल डाव्या पायाशी. बोल्ट डावीकडे.
टोपी डाव्या कानावर. बटणं बायकांसारखी.
मास्तरचा तिरपा पट्टा डाव्या खांद्यावरून.
"पट्टा निवारीचा की चामड्याचा, करत बसलास!
काच उलटी ठेवून छापलंय, बेटा. पलट."

पलटवला. कॉम्प्युटरवर एक कळ दाबायची फक्त.
नऊ जण एकदम बाजू बदलून उभे राहिले,
रायफली ज्याच्या त्याच्या उजव्या हाती गेल्या.
डावीकडून तिसरा आता तो,
काळ्या पितळेवाला.
ऐन वेळी हललेला. एक कान नीट आलाय,
बाकी चेहऱ्याच्या जागी धूर.
आणि गंधाचा धनी सरकून सातव्या जागी.
पुठ्ठ्यावर सातवं नाव: रामसिया माहोर.

दोन दिवस काहीच केलं नाही.
गिऱ्हाइकानं चौकट मागितली होती,
भाऊ बदलून मागितला नव्हता.

गुरुवारी त्या आल्या. सांगितलं.
रायफल दाखवली, टोपी दाखवली.
बटणांपाशी त्यांनी मान हलवली,
जन्म शिवणाच्या मशीनवर गेलेला.
नवी प्रत आत घातली, वर जुनीच काच बसवली,
जपायला सांगितलेली,
तर ठिपका आपसूक तिसऱ्यावर आला,
धुरावर, बरोब्बर कपाळ असावं तिथे.

त्याच्याकडे त्यांनी पाहिलं,
दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं.
मग चष्मा काढून सातव्यावर वाकल्या.
"पण सगळं यालाच सांगितलंय मी.
घर विकलं ते. यांचं आजारपण.
दाढ काढली ते सुद्धा."

पिशवीचे बंद बांधता बांधता विचारलं,
या माहोरांचं कुणी असेल का हो गावात?

मी बिलाच्या पाठीमागे नाव लिहून ठेवलं.
चौकटीचे साडेतीनशे.
काचेचे काही नाही.